सनी कॅपोन: एका आडनावाचा इतिहास

अल्बर्ट फ्रान्सिस कॅपोन याचा जन्म 4 डिसेंबर 1918 रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. घरचे त्याला सनी म्हणत आणि पुढे वर्तमानपत्रांनीही तेच नाव उचलले. शिकागोच्या चोरट्या दारूधंद्यावर सत्ता गाजवणाऱ्या अल कॅपोनचा तो एकुलता एक मुलगा. सनी 85 वर्षे जगला. त्यातली 47 वर्षे तो कॅपोन होता, उरलेली 38 वर्षे ब्राउन. बापावर ढिगाने पुस्तके निघाली, चित्रपट आले. मुलाच्या वाट्याला त्या पुस्तकांतली चार-दोन पाने आली. त्या पानांतही बहुतेकांनी एवढेच तपासले आहे की बापाचा गुण मुलात उतरला होता का. सनीच्या आयुष्यात त्याहून मोलाचे काही पाहायला मिळते. एकच आडनाव एका घरातल्या माणसांनी कसे वागवले, कोणी ते टाकले, कोणी लपवले, कोणी त्याच्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले, याची साखळी त्याच्या आयुष्यापाशी येऊन मिळते.

हे आडनाव अमेरिकेत आणणारा गाब्रिएल कॅपोन हा दक्षिण इटलीतल्या नेपल्सच्या आसपासच्या मुलखातला. त्याची बायको तेरेसा रायोला शिवणकाम करायची. 1890च्या दशकात हे जोडपे लहान मुलांना घेऊन बोटीने न्यूयॉर्कला आले आणि ब्रुकलिनमध्ये नौदलाच्या गोदीजवळच्या गरीब वस्तीत राहू लागले. गाब्रिएलला लिहिता-वाचता येत होते. गावाकडून येणाऱ्या दक्षिण इटालियनांमध्ये तेव्हा हे सर्रास आढळत नसे. काही वर्षांत त्याने स्वतःचे केशकर्तनालय थाटले. तेरेसाला नऊ मुले झाली. गाब्रिएलच्या नावावर पोलिसांत कसलाही गुन्हा नाही. कॅपोन म्हणजे पिढीजात गुंडांचे घराणे हा समज म्हणूनच चुकीचा आहे. सनीचा आजोबा वस्तरा आणि कात्रीवर पोट भरणारा माणूस होता. 1920च्या नोव्हेंबरात तो हृदयविकाराने गेला, तेव्हा नातू दोन वर्षांचाही झाला नव्हता.

गाब्रिएलचा थोरला मुलगा विन्चेंझो याने हे आडनाव सर्वांत आधी टाकले, आणि तेही ते बदनाम होण्याच्या कितीतरी आधी. सोळाएक वर्षांचा असताना तो घर सोडून सर्कसबरोबर पश्चिमेकडे निघून गेला. तिकडे मूकपटांतला काउबॉय नट विल्यम एस. हार्ट त्याचे दैवत झाला. त्याच्यावरून विन्चेंझोने स्वतःचे नाव रिचर्ड हार्ट ठेवले आणि नेब्रास्का राज्यातल्या होमर या छोट्या गावात संसार मांडला. देशात दारूबंदी आली तेव्हा तो दारूबंदीचा अंमलदार झाला. कमरेला दोन पिस्तुले लावून तो हातभट्ट्या फोडत हिंडे. त्यावरून लोक त्याला ‘टू-गन हार्ट’ म्हणत. 1927च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज ब्लॅक हिल्सच्या डोंगराळ भागात सुट्टीला गेले असता त्यांच्या संरक्षणाच्या कामावरही तो होता. म्हणजे एक भाऊ शिकागोला दारूची साठवण करत होता आणि त्याचा सख्खा थोरला भाऊ सरकारी बिल्ला लावून दारूची पिंपे ओतून देत होता. होमर गावात कोणालाही त्याचे खरे नाव ठाऊक नव्हते.

सनीचा बाप अल्फोन्स, म्हणजे अल, 17 जानेवारी 1899चा. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. किरकोळ नोकऱ्या करता करता तो फ्रँकी येल नावाच्या टोळीवाल्याच्या कोनी आयलंडवरच्या ‘हार्वर्ड इन’ या गुत्त्यात कामाला लागला. तिथे गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका तरुणीला उद्देशून त्याने अचकट शेरा मारला आणि तिच्या भावाने चाकू काढून त्याचा डावा गाल फाडला. ‘स्कारफेस’ या टोपणनावाचा उगम हा असा आहे. अलला हे नाव कधीच आवडले नाही. फोटो काढून घेताना तो शक्यतो उजवी बाजू पुढे करी.

सनीची आई मेरी जोसेफिन कॉगलिन हिला सगळे मे म्हणत. ती आयरिश घरातली आणि अलपेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी मोठी होती. ब्रुकलिनमध्ये आयरिश आणि इटालियन दोघेही कॅथलिक असले तरी त्यांच्यात सोयरिकी सहज होत नसत. इटालियन जावई आयरिश घराला कमीपणाचा वाटे. या लग्नाला तर पाळण्यातले मूल साक्षी होते. सनी जन्मल्यानंतर 26 दिवसांनी, 30 डिसेंबर 1918 रोजी, सेंट मेरी स्टार ऑफ द सी या चर्चमध्ये आईबापांचे लग्न लागले. नवरा 19 वर्षांचा, नवरी 21ची. नोंदवहीत मात्र दोघांचेही वय 20 लिहिलेले आहे. त्याने एक वर्ष वाढवले, तिने एक कमी केले. या घराण्याच्या कागदपत्रांत अशा लहानसहान फेरफारांची वाण नाही. मुलाचा गॉडफादर म्हणून उभा राहिला तो जॉनी टोरिओ. अलला धंद्यात आणणारा आणि पुढे शिकागोला बोलावून घेणारा हाच.

अलच्या एकविसाव्या वाढदिवशी, 17 जानेवारी 1920 रोजी, अमेरिकेत दारूबंदी अंमलात आली. योगायोगच, पण त्या कुटुंबाचे सारे भवितव्य या तारखेने ठरवले. टोरिओच्या हाताखाली अल शिकागोत पाय रोवू लागला होता. गुत्ते, जुगाराचे अड्डे, कुंटणखाने आणि त्यांना लागणारी चोरटी दारू असा हा सारा पसारा होता. व्यवहारात तो स्वतःला ‘अल ब्राउन’ म्हणवी. छापील कार्डावर धंदा लिहिलेला असे जुन्या फर्निचरच्या विक्रीचा. ब्राउन हे नाव इथे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे ते मुलाच्या आयुष्यात दोनदा परत येते.

1923 मध्ये कुटुंब शिकागोच्या दक्षिण भागात, 7244 साउथ प्रेअरी अव्हेन्यू या पत्त्यावर राहायला गेले. लाल विटांचे दुमजली घर आणि साधी मध्यमवर्गीय आळी. विधवा झालेली तेरेसा, तिची धाकटी मुले, अल-मे आणि सनी, दुसऱ्या मजल्यावर भाऊ राल्फचा परिवार असे एकत्र कुटुंब तिथे नांदत होते. तेरेसाच्या स्वयंपाकघरात इटालियन भाषा चाले. पाच वर्षांच्या सनीने याच घरात पहिला मृत्यू पाहिला. 1 एप्रिल 1924 रोजी शेजारच्या सिसेरो गावात निवडणूक होती. आपली माणसे निवडून यावीत म्हणून कॅपोन टोळीने मतदारांना धाकदपटशा चालवला होता. त्या धुमश्चक्रीत पोलिसांच्या गोळ्यांनी काका फ्रँक मारला गेला. प्रेत घरी आणून ठेवले, आणि फुलांच्या ढिगांनी घर भरून गेले.

मुलाचे दुखणे तर जन्मापासूनच होते. त्याच्या डाव्या कानामागच्या हाडात वारंवार पू होई. या विकाराला मॅस्टॉइडचा संसर्ग म्हणतात. जंतुनाशक गोळ्या नसलेल्या त्या काळात तो जिवावरचा आजार होता, कारण संसर्ग हाडातून थेट मेंदूच्या आवरणात शिरू शकतो. छिन्नीने हाड पोखरून सडका भाग काढून टाकायचा एवढाच उपाय शस्त्रवैद्यांच्या हाती होता. काही चरित्रकार या दुखण्याचा संबंध बापाच्या उपदंशाशी जोडतात. डिसेंबर 1925 मध्ये सात वर्षांच्या सनीला शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कला नेण्यात आले आणि अल बरोबर गेला. पोराचा जीव वाचला. ऐकू मात्र कायमचे कमी येऊ लागले. त्याच मुक्कामात, नाताळच्या रात्री, ब्रुकलिनच्या अ‍ॅडोनिस क्लबमध्ये गोळीबार झाला. त्यात रिचर्ड लोनर्गन हा आयरिश टोळीचा म्होरक्या आणि त्याचे दोन साथीदार ठार झाले. पोलिसांनी पकडलेल्यांत अलही होता. साक्षीदार न मिळाल्याने तो सुटला. मुलाच्या उशाशी बसायला आलेला बाप आणि अ‍ॅडोनिस क्लबमधला कॅपोन हे दोघे एकाच आठवड्यात, एकाच शहरात, एकाच माणसाच्या अंगात होते. सनीच्या बालपणाविषयी याहून बोलका प्रसंग सापडत नाही.

शिकागोचे राजकारणी आणि पोलीस फार मागे लागले तेव्हा अलने 1928 मध्ये फ्लोरिडातल्या मायामी बीचजवळच्या पाम बेटावर 40,000 डॉलरना बंगला घेतला. पुढे घर मेच्या नावावर झाले. मोठा पोहण्याचा तलाव बांधून झाला, भिंती उंच झाल्या, फाटकावर पहारा बसला. 14 फेब्रुवारी 1929 रोजी शिकागोच्या एका गॅरेजमध्ये प्रतिस्पर्धी टोळीच्या सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा अल याच फ्लोरिडात होता. सेंट व्हॅलेंटाइन डे हत्याकांड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या घटनेनंतर कॅपोन हे आडनाव अमेरिकेच्या कानाकोपऱ्यात पोचले. सनी तेव्हा दहा वर्षांचा होता. तो मायामी बीचच्या सेंट पॅट्रिक्स या कॅथलिक शाळेत शिकला. पुढे 1930च्या दशकात त्याच शाळेत क्युबातून परागंदा होऊन आलेला एक मुलगा दाखल झाला, देसी आर्नाझ. दोघांची दोस्ती झाली. या दोस्तीचा शेवट पंचवीस वर्षांनी न्यायालयात व्हायचा होता.

बापलेकाचा जगाने पाहिलेला फोटो 9 सप्टेंबर 1931चा आहे. शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर कब्ज आणि व्हाइट सॉक्स या दोन स्थानिक संघांचा मदतनिधीसाठी बेसबॉलचा सामना होता. मैदानालगतच्या पुढच्या रांगेत अल बसलेला, त्याच्याशेजारी बारा वर्षांचा सनी, मागे अंगरक्षक. पलीकडच्या खुर्चीत इलिनॉय विधिमंडळाचे सदस्य रोलंड लिबोनाटी. कब्जचा नामांकित खेळाडू गॅबी हार्टनेट कठड्याशी येऊन मुलाला सही देतो आहे, आणि अलच्या चेहऱ्यावर कोणत्याही बापाच्या चेहऱ्यावर असावा तसा कौतुकाचा भाव आहे. फोटो देशभर छापला गेला. बेसबॉलचे आयुक्त लँडिस संतापले आणि खेळाडूंनी प्रेक्षकांशी अशी सलगी करू नये म्हणून त्यांनी सक्त ताकीद दिली. त्या ताकिदीत सनीचा दोष कुठेच नव्हता. आवडत्या खेळाडूची सही घेणे हे बारा वर्षांच्या कोणत्याही मुलाचे काम, पण त्याने ते केले की बातमी होत असे.

त्यानंतर 38 दिवसांनी, 17 ऑक्टोबर 1931 रोजी, ज्युरीने अल कॅपोनला प्राप्तिकर चुकवल्याबद्दल दोषी ठरवले. न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी 24 ऑक्टोबरला 11 वर्षांची कैद आणि 50,000 डॉलरचा दंड सुनावला. खुनांचे पुरावे कोणाकडे नव्हते, बँकेत अलच्या नावाने खाते नव्हते. म्हणून सरकारी वकिलांनी खर्चाच्या बाजूने चढाई केली. खाटकाची बिले, टेलिफोनची बिले, शिंप्याने शिवलेले सूट, फर्निचर, पाम बेटावरच्या बंगल्याची डागडुजी, हे सगळे विकणारे दुकानदार आणि कंत्राटदार एकेक करून साक्षीला उभे राहिले. उत्पन्न काहीच नाही म्हणणारा माणूस एवढा खर्च करतो कसा, असा साधा हिशेब होता. सनी ज्या घरात लहानाचा मोठा झाला ते घरच त्याच्या बापाविरुद्धचा पुरावा ठरले.

अल 1932च्या मे महिन्यात अटलांटाच्या तुरुंगात गेला आणि 1934च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावर. तिथे तो कैदी क्रमांक 85 झाला. पत्रे मोजकीच लिहिता येत आणि प्रत्येक पत्र अधिकारी वाचत. अशा पत्रांपैकी सनीला लिहिलेले एक पेन्सिलीतले पत्र घरात जपून ठेवले गेले. त्यात दटावणी नाही, उपदेशही फार नाही. तुरुंगात वाद्य वाजवायला शिकल्याचे बाप उत्साहाने सांगतो, मुलाला लडिवाळपणे हाक मारतो आणि खाली सहीजवळ आपला कैदी क्रमांक घालतो. दरम्यान दारूबंदी उठली ती 5 डिसेंबर 1933 रोजी. सनीला पंधरा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बापाने उभारलेल्या धंद्याचा पायाच नाहीसा झाला.

शाळा संपल्यावर सनीने इंडियाना राज्यातल्या नॉटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला तो अल्बर्ट ब्राउन या नावाने. लपण्यासाठी निवडलेले हे नाव बापाच्याच खोट्या कार्डावरचे होते. पहिले वर्ष पार पडले आणि तो कोण आहे हे बाहेर फुटले. नॉटर डेम सोडून तो घराजवळच्या मायामी विद्यापीठात आला आणि 1941 मध्ये पदवीधर झाला. त्याच वर्षी 30 डिसेंबरला, म्हणजे आईबापांच्या लग्नाच्याच तारखेला, त्याने शाळेतल्या मैत्रिणीशी लग्न केले. देश तेव्हा नुकताच महायुद्धात उतरला होता. कानामुळे लष्कराने त्याला अपात्र ठरवले. युद्धाची वर्षे त्याने मायामीच्या हवाई डेपोत मेकॅनिक म्हणून काढली.

बाप 16 नोव्हेंबर 1939 रोजी सुटला, पण परत आला तो वेगळाच माणूस होता. उपदंशाने मेंदू पोखरला होता. अल्काट्राझमध्ये 1938च्या सुरुवातीलाच तो भ्रमिष्टासारखा वागू लागला होता. सुटल्यावर बाल्टिमोरच्या युनियन मेमोरियल रुग्णालयाने त्याच्यावर उपचार केले. त्याची परतफेड म्हणून कुटुंबाने रुग्णालयाला चेरीची झाडे दिली. पुढे 1940च्या दशकात पेनिसिलीन मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या नागरी रुग्णांत अलचा समावेश झाला. वीसएक वर्षे आधी हेच औषध असते तर मुलाचा कान वाचला असता. बापाच्या मेंदूला मात्र ते फार उशिरा मिळाले. 1946 मध्ये डॉक्टरांनी तपासून सांगितले की त्याची बुद्धी बारा वर्षांच्या मुलाएवढी उरली आहे. कॉमिस्की पार्कमध्ये बापाशेजारी बसला तेव्हा सनीचे जे वय होते, नेमके तेच. सनीला तोवर मुली झाल्या होत्या आणि नातींशी खेळण्यात अल रमत असे. 25 जानेवारी 1947 रोजी पाम बेटावरच्या घरी, पक्षाघात आणि न्यूमोनियानंतर, तो वारला. वय 48.

आडनावाचा भार एकट्या सनीवर नव्हता. राल्फचा मुलगा, म्हणजे सनीचा चुलत भाऊ, याच सावलीत वाढला होता. वेगवेगळी नावे घेऊन त्याने नोकऱ्या धरल्या, आणि नाव कळले की त्या सुटत गेल्या. 1950च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आत्महत्या केली. मागे लहान मुले होती. त्याच्या मुलीने पुढे आठवणी लिहिल्या आहेत. शाळेत तिचे आडनाव कळल्यावर वर्गातली मुले कशी दूर झाली, हे त्यात आहे. अलचा एक धाकटा भाऊ आईचे माहेरचे आडनाव कायदेशीररीत्या लावू लागला. आणि नेब्रास्कातला रिचर्ड हार्ट? त्याची नोकरी गेली, दृष्टी अधू झाली, हात आखडले, तेव्हा तो भावांशी पुन्हा जोडला गेला आणि त्यांच्याकडून त्याला पैसे मिळू लागले. 1951 मध्ये राल्फच्या कर प्रकरणात साक्ष देताना त्याचे खरे नाव जगासमोर आले. पुढच्याच वर्षी तो होमर गावी वारला आणि थोड्याच दिवसांत त्याची आई तेरेसाही गेली.

या सगळ्यांत सनीने घेतलेली वाट साधी होती, आणि तिला त्या मानाने कमी दाद मिळाली आहे. टोळीत तो कधीच गेला नाही. जुन्या मोटारी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो कामाला होता. मालक गाड्यांच्या मीटरवरचे मैल मागे फिरवतो हे कळल्यावर त्याने ती नोकरी सोडल्याचे चरित्रकार लिहितात. छापखान्यात उमेदवारी केली, टायर विकले. आईबरोबर मायामी बीचला एक उपाहारगृह चालवून पाहिले; मे गल्ल्यावर बसे आणि सनी गिऱ्हाइकांची व्यवस्था बघे. बापाचे पैसे कुठेतरी पुरून ठेवले असतील ही लोकांची कल्पना होती, पण मुलाच्या आयुष्यात त्या पैशांचा माग लागत नाही. 1952 मध्ये पाम बेटावरचा बंगलाही विकला गेला.

1957 मध्ये एलियट नेस या दारूबंदी अधिकाऱ्याच्या नावावर ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक निघाले. त्यावर मालिका काढायचे ज्या कंपनीने ठरवले ती होती देसिलू, म्हणजे देसी आर्नाझ आणि ल्युसिल बॉल या पतीपत्नीची. सनीने शाळेतल्या जुन्या मित्राला फोन करून हे करू नकोस म्हणून विनवले, असे आर्नाझच्या चरित्रांत सांगितले जाते. आर्नाझचे म्हणणे, मी नाही केले तर दुसरा कोणी करेलच. 1959 मध्ये आधी दोन भागांचे नाट्य आणि त्या शरद ऋतूपासून मालिका दूरचित्रवाणीवर आली. ती तुफान गाजली. सनीच्या मुली तेव्हा शाळेत जात होत्या.

मे, सनी आणि अलची बहीण माफाल्डा मारितोते यांनी निर्माते, प्रक्षेपक आणि प्रायोजकांवर दहा लाख डॉलरचा दावा लावला. खासगी आयुष्याच्या हक्कावर आक्रमण झाले आणि कॅपोनच्या नावावर अन्याय्य नफा मिळवला गेला, ही त्यांची बाजू. अपील न्यायालयाचा निकाल 1965 मध्ये आला आणि तो त्यांच्या विरुद्ध गेला. खासगीपणाचा हक्क ज्याचा त्याचा असतो आणि माणसाबरोबर संपतो. मालिकेत बायको किंवा मुलगा यांचे नाव घेतलेले नाही, त्यांना दाखवलेलेही नाही, म्हणून त्यांच्या स्वतःच्या हक्काला बाधा आली असे म्हणता येत नाही, असा तो निकाल. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. अमेरिकेतल्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘मारितोते विरुद्ध देसिलू’ म्हणून आजही उद्धृत होतो. न्यायाच्या भाषेत निकाल चोख होता. पण ज्या घरातल्या मुलींना दर आठवड्याला शाळेत आजोबांविषयी ऐकावे लागे त्या घराचे दुखणे त्या भाषेत बसत नव्हते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नॉर्थ मायामी बीचच्या एका सुपरमार्केटमध्ये सनीला पकडण्यात आले. अ‍ॅस्पिरिनच्या दोन बाटल्या आणि काही बॅटऱ्या, एकूण किंमत साडेतीन डॉलर. तो तेव्हा 46 वर्षांचा होता आणि त्याचा संसार नुकताच मोडला होता. प्रत्येकात थोडी तरी चोरी असतेच, असे काहीसे तो न्यायाधीशांपुढे बोलून गेला. दोन वर्षे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याची सुटका झाली. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ही गोष्ट गावातल्या वर्तमानपत्रातही आली नसती. कॅपोनच्या मुलाने केली म्हणून ती देशभर छापून आली, आणि अजूनही त्याच्या चरित्रात दारूबंदीच्या साम्राज्याइतक्याच गांभीर्याने सांगितली जाते.

1966 मध्ये सनीने कायद्याने नाव बदलले. अल्बर्ट फ्रान्सिस कॅपोनचा अल्बर्ट फ्रान्सिस ब्राउन झाला. नाव बदलण्याचे कारण विचारले तेव्हा आडनावाशी झुंजून थकल्याचे वकिलामार्फत सांगितले गेले. शेकडो आडनावांतून त्याने पुन्हा ब्राउनच निवडले. महाविद्यालयात एकदा वापरलेले, सवयीचे म्हणून ते घेतले असेल. पण कॅपोनपासून सुटण्यासाठी घेतलेले नावही बापाचेच होते हे त्याला माहीत नसणे अशक्य. त्यानंतरची अडतीस वर्षे त्याच्याविषयी जवळजवळ काहीच छापून आले नाही. नाव बदलण्याचा हेतू म्हणायचा तर पुरता सफल झाला. मे 16 एप्रिल 1986 रोजी फ्लोरिडात वृद्धाश्रमात वारली. नवऱ्याविषयी तिने उभ्या आयुष्यात कोणालाही मुलाखत दिली नाही. सनी पुढे कॅलिफोर्नियात गेला आणि 8 जुलै 2004 रोजी, सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत, त्याचा मृत्यू झाला.

आडनाव परत आणले ते त्याच्या मुलींनी. 2019 मध्ये एका मुलीने आजीकडून ऐकलेल्या घरच्या गोष्टींचे पुस्तक कॅपोन हे आडनाव लावून प्रसिद्ध केले. मग 8 ऑक्टोबर 2021 रोजी सॅक्रामेंटोमध्ये घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. नाती आता वयस्क झाल्या होत्या. त्यांच्या भागात वणव्यांचा धोका वाढला होता, आणि आपल्या मागे या वस्तूंची कथा सांगणारे कोणी उरणार नाही, असे त्यांनी वर्तमानपत्रांना सांगितले. दागिने, चिनी मातीची भांडी, कौटुंबिक फोटो, घड्याळे असे सगळे मिळून 30 लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. अलचे आवडते कोल्ट पिस्तूल एकट्यानेच 8,60,000 डॉलरला गेले. पुढे 2023 मध्ये पाम बेटावरचा बंगलाही पाडण्यात आला. लिलावात मांडलेल्या वस्तूंत अल्काट्राझहून सनीला आलेले ते पेन्सिलीतले पत्रही होते. पिस्तुलाच्या किमतीच्या एक-पंधरांशालाही ते पुरेसे पोचले नाही; 56,700 डॉलरना विकले गेले.